दाजी, तुमचं यंत्र आज हरलं

१२ फेब्रुवारी

आणि ‘सोडून गेला’ हे परत म्हणू नका, दाजी. मी सोडून गेलो नाही, तुम्ही मला सोडलंत. तुम्ही शिकलेला माणूस, तुम्हाला दोन्हींतला फरक कळतो. कळतो म्हणूनच ताईला त्यातलं सोयीचं तेवढं सांगितलंत.

इथं आम्ही एका खोलीत सहाजण राहतो. त्यातल्या एकानं काल त्याच्या मोबाईलवर तुमची मुलाखत लावली. तुम्ही माझे कोण ते त्याला ठाऊक नाही. म्हणाला, "हा बघ, या माणसानं भांडणारं ॲप काढलंय. मिक्सर बिघडला, तिकिटाचे पैसे बुडाले, घरमालकानं डिपॉझिट दाबलं, काही असो. आपण नुसतं लिहायचं. यंत्र आपल्या वतीनं फोन करून भांडतं."

बघितली मुलाखत. नवीन शर्ट घातला होतात. त्या बाईनं विचारलं, कल्पना कशी सुचली? तर म्हणालात, "अन्यायाची चीड मला लहानपणापासून आहे." दाजी! चहात माशी पडली तर ती बोटानं बाजूला काढून उरलेला चहा पिणारा माणूस तुम्ही. ताईला विचारा. मग बाईनं विचारलं, सुरुवातीला बरोबर कोण होतं? म्हणालात, "मेव्हणा होता थोडे दिवस. मुलगा चंचल आहे. मोठ्या डेमोच्या तोंडावर सोडून गेला."

थोडे दिवस! पाहुणा आला होता जसा.

तुमची नोकरी गेली तेव्हा तुम्ही दिवसभर पलंगावर पडून छताकडे बघत होता. ताईच्या फ्रिजचा दरवाजा बसत नव्हता, आणि मी कंपनीला फोन लावून तासभर भांडत होतो. नवीन फ्रिज घेऊनच फोन ठेवला. तेव्हा तुम्ही उठून बसलात. म्हणालात, "हे तू जे केलंस ना, हे यंत्राला शिकवता येईल." मागच्या खोलीच्या खिडकीला गादी टेकवून आवाज बंद केलात, कानाला लावायला हेडफोन दिलात आणि मला बसवलंत. यंत्र तेव्हा होतं कुठं? लोक तुमच्या ॲपमध्ये तक्रार लिहायचे, पडद्यावर ‘आमचं एआय तुमच्यासाठी भांडत आहे’ असं यायचं, आणि मागं मी भांडत असायचो. मी जेवायला बसलो की तुम्ही पडद्यावर ‘एआय विचार करत आहे’ असं लावायचात. एकदा माझं पोट बिघडलं, तर एआयनं दुपारभर विचार केला.

अर्धं तुझं, अर्धं माझं, असं तुम्ही म्हणाला होता. मला कागद नको होता, तुम्ही घरचे होता. वर्षभर भांडलो. घसा बसला की ताई गरम पाणी आणून द्यायची. आणि एके दिवशी तुम्ही खोलीत येऊन म्हणालात, "यंत्र आता शिकलंय. तुझ्यासारखंच बोलतं. तू बाहेर कुठं काही बघ, मग मी कळवतो." तिकीट तुम्हीच काढलंत, गाडीत पण तुम्हीच बसवलंत. आणि घरी जाऊन ताईला सांगितलंत, की गेला, सोडून गेला.

तेव्हापासून ती माझा फोन घेत नाही. मोबाईलवरचे माझे मेसेज वाचत नाही. बरोबर आहे तिचं. नवऱ्याला डेमोच्या तोंडावर तोंडघशी पाडणाऱ्या भावाशी मीही बोललो नसतो.

ॲपचं नाव ‘खमक्या’ ठेवलंत. ते माझं नाव आहे. शाळेच्या दप्तराचा पट्टा तुटला म्हणून मी दुकानदाराच्या दारात धरणं धरून बसलो होतो, तेव्हा ताईनं ठेवलेलं.

तुमच्या त्या कंपनीतला वाटा मला नको. मला एक गोष्ट हवी. ताईला खरं सांगा. तुमच्या तोंडानं, तिच्यासमोर बसून. तोवर मी गप्प बसेन असं समजू नका.

आणि पत्र लिहितोय म्हणून हसू नका. तुमच्या घरी फोनवर काही बोलणं म्हणजे यंत्राला फुकट शिकवणी देणं. कागद काही शिकत नाही.

तुमचा मेव्हणा
(पूर्वीचा खमक्या)


२७ फेब्रुवारी

उत्तर नाही. ठीक.

मग माझ्या नोकरीचं सांगतो, म्हणजे पुढचं नीट लागेल. घरगुती वस्तू विकणारी एक मोठी कंपनी आहे. पंखे, हीटर, इस्त्र्या, रक्तदाब मोजायची यंत्रं, असलं सगळं. तिच्या तळघरात तक्रारींचे फोन घेणारी आम्ही माणसं बसतो. लोक पैसे परत मागायला फोन करतात आणि आम्ही ते देत नाही, एवढंच काम. देवाची मजा बघा, पैसे काढून घेणारा मी, मला बसवलं नाही म्हणायला. मुलाखतीत साहेबानं शिक्षण विचारलं. मी म्हणालो, "आठवीत दोनदा बसलो, म्हणजे आठवी पक्की झाली." तो हसला. मग त्यानंच ग्राहक होऊन माझ्याशी भांडून बघितलं, आणि लगेच घेतलं.

माझ्या बाजूच्या खुर्चीवर एक मावशी बसतात. आधी तिकीटखिडकीवर होत्या. तिथं मशीन बसलं म्हणून इथं आल्या. नाही म्हणण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. समोरच्याला वाटतं, आपल्याला काहीतरी मिळालं.

तर परवा फोन आला. पंखा आवाज करतो, पैसे परत हवेत. मी नेहमीसारखं सुरू केलं. पलीकडून आवाज आला, "तुमचं नाव काय म्हणालात? नाही, रागावलो नाही हो मी. मला फक्त समजून घ्यायचंय."

दाजी, मी आवाज मोठा करून ऐकलं.

तो मी होतो. माझाच आवाज, फक्त सर्दी गेलेला. आधी नाव विचारायचं आणि मग दर वाक्यात ते नाव घ्यायचं, ही माझी पद्धत. समोरच्यानं नियम सांगितला की ‘हं...’ म्हणून गप्प राहायचं, तो घाबरून आणखी बोलेपर्यंत, ही पण माझीच. मध्येच घसा साफ केला त्यानं. घसा! यंत्राला कसला आलाय घसा? तो तुमच्या मागच्या खोलीत वर्षभर ओरडून माझा बसला होता, तोही तुम्ही उचललात. फोन मावशींकडे दिला तर त्यांना लगेच ‘ताई’. "ताई, तुम्हीच सांगा, तुमच्या घरी असं झालं असतं तर?" बाई फोनवर असली की मी ताई म्हणायचो. लबाडीनं नाही, तोंडातच तो शब्द बसलेला आहे.

मी हरलो. माझ्याशीच भांडून हरलो आणि पंख्याचे पूर्ण पैसे द्यावे लागले. साहेबानं सगळ्यांसमोर झापलं. मावशी म्हणाल्या, "कोण होता रे हा मेला? जिभेवर साखर आणि हातात सुरी."

मी म्हटलं, "मीच होतो."

त्यांना वाटलं, माझं डोकं फिरलं.

दिवसाला दहा-बारा फोन तुमच्या यंत्राचे येतात, दाजी. मी आता प्रत्येक वेळी कान देऊन ऐकतो. कसं भांडतो मी, ते मला पहिल्यांदा बाहेरून ऐकायला मिळतंय. माणूस स्वतःला कुठं ठेच लागते तेही अशानंच शिकतो. एवढं लक्षात ठेवा.


१९ मार्च

दाजी, तुमचं यंत्र आज हरलं. काल हरलं, परवाही हरलं. या आठवड्यात माझ्या खुर्चीवर ते एकदाही जिंकलेलं नाही.

कसं, ते सांगणार नाही. फक्त एवढं सांगतो, की चार शब्द आहेत. ते चार शब्द समोरच्यानं योग्य वेळी बोलले की तुमचा खमक्या मान टाकतो. "बरं, राहू दे. तुमच्याकडून जमेल तेवढं द्या," म्हणतो, आणि एखादं सवलतीचं कूपन घेऊन मुकाट्यानं फोन ठेवतो. हजार रुपयांसाठी तावातावानं आलेला गडी पन्नासाचं कूपन घेऊन जातो. मी पहिल्यांदा चुकून बोललो होतो, वैतागून. त्यानं मान टाकली तेव्हा मला विश्वास बसेना. दुसऱ्या फोनला मुद्दाम बोलून बघितलं. तिसऱ्याला मावशींना बोलायला लावलं. त्यांनी फोन ठेवून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अरे, हा तर पाघळला!"

मग मी ते पसरवलं. आधी आमच्या तळघरात, मग वरच्या मजल्यावर विम्याच्या फोनवाल्या मुली आहेत त्यांना, मग समोरच्या इमारतीत सामान पोचवणाऱ्या कंपनीचे लोक बसतात त्यांना. खाली चहाच्या टपरीवर सगळे भेटतात. मी कोणाकडून काही घेतलं नाही. फुकट वाटलं. तुमचं यंत्र जिथं जिथं फोन करतं तिथं तिथं आता चार शब्द तयार बसलेले आहेत.

तुमच्या ॲपखाली लोक काय लिहितात ते खोलीतला गडी मला रोज वाचून दाखवतो. ‘खमक्या कसला, मेंगळट आहे.’ ‘याच्यापेक्षा माझी सासू पाठवली असती.’ ‘महिन्याचे पैसे घेता आणि कूपन आणून देता?’ मी त्याला म्हणतो, ते सासूवालं परत वाच.

चूक तुमची आहे, दाजी. यंत्राला लवकर शहाणं करायची तुम्हाला घाई होती. माझे जिंकलेले फोन पुरेनात म्हणून तुम्ही सगळेच घातलेत, हरलेले पण. मी तेव्हा म्हणालो होतो, ते काढा, त्यात मी कच्चा पडलोय. तुम्ही म्हणालात, "तुला यातलं काय कळतं? जितका माल जास्त तितकं यंत्र हुशार." घ्या आता हुशारी.

मे महिन्यात तुमच्या कंपनीत पैसे घालणारे पैसेवाले येणार आहेत म्हणे. मुलाखतीत तुम्हीच सांगितलंत. त्यांच्यासमोर एखादा फोन लावून दाखवाल ना? लावा. शक्यतो आमच्याकडेच लावा.

नाहीतर ताईला सांगा. एवढं एकच काम आहे, त्याला वीज लागत नाही की इंटरनेट लागत नाही.


४ एप्रिल

तुमचं उत्तर आलं. छापील.

‘तुझ्या भावना मी पूर्णपणे समजू शकतो. आपण दोघांनी मिळून यातून सकारात्मक मार्ग काढूया.’ दाजी, तुम्ही जन्मात असं बोललेला नाहीत. तुम्ही ‘हे बघ’ म्हणून सुरुवात करता आणि ‘जाऊ दे’ म्हणून संपवता, मध्ये काही नसतं. मला पत्र लिहायला पण यंत्रच बसवलंत? निदान मेव्हण्याला शिवी तरी स्वतः घालायची.

खाली पेनानं दोन ओळी आहेत, त्या मात्र तुमच्या. ‘नेमकं काय बोलतोस ते सांग. सल्लागार म्हणून घेतो, महिन्याला पगार देतो.’ वाचून मी मावशींना दाखवलं. त्या म्हणाल्या, "सल्लागार म्हणजे आधी काढून टाकलेला माणूस, पण इस्त्री करून."

सांगेन की. ताईला खरं सांगितल्याच्या दुसऱ्या दिवशी सांगेन. ताईनं स्वतः मला फोन करून एक शब्द बोलावा, मग तिथल्या तिथं सांगेन.

तुम्ही लिहिलंय, ‘तिला या सगळ्यात ओढू नकोस, तिला आधीच छोटीचं टेन्शन आहे.’ छोटीला, माझ्या भाचीला, काय झालंय? ते नाही लिहिलंत. बरोबर जागेवर येऊन तुमचं पेन थांबतं.

माझा साहेब खुश आहे. आमच्या तळघरानं महिन्यात सगळ्यात कमी पैसे परत दिले म्हणून केक आणला होता. वर माझं नाव लिहायला विचारलं. मी म्हणालो, नाव नको, नुसतंच कापू.


२१ एप्रिल

दाजी, हे पत्र तुम्ही एकट्यानं वाचा.

आज दुपारी जेवणानंतरचा पहिला फोन. आमच्याकडे माणसाचं नाव आधी दिसत नाही, त्यांनी पावतीचा नंबर सांगितला की मग दिसतं. मी म्हणालो, "नमस्कार, बोला." पलीकडून बाईचा आवाज: "मला माणसाशी बोलायचंय. यंत्र नको, माणूस द्या."

ताई होती.

वर्ष होऊन गेलं तिचा आवाज ऐकून. थकलेला वाटला. मी काही बोलायच्या आत ती भडाभडा बोलत सुटली. छोटीला दम लागतो, डॉक्टरांनी घरी वाफ द्यायचं यंत्र घ्यायला सांगितलं, आमच्याच कंपनीकडून घेतलं, दुसऱ्या महिन्यात मोटर बंद. पोरीला घेऊन रोज दवाखान्यात वाफ द्यायला जावं लागतं. "घरात भांडणारं ॲप आहे म्हणून त्यालाच भांडायला लावलं. तर काय, पंधरा टक्क्यांचं कूपन! मला कूपन घालू का पोरीच्या तोंडाला?"

मी पावतीचा नंबर मागितला. तिनं सांगितला. समोर तिचं नाव आलं, आणि त्याखाली आधीचा फोन कोणी घेतला त्याचा नंबर. माझा होता.

नऊ एप्रिल. मला आठवत पण नाही. त्या दिवशी तुमच्या यंत्राचे किती आले आणि किती मी पाडले. कोणाच्या वतीनं भांडतंय ते ऐकतच नव्हतो, समोर आलेलं नावही वाचत नव्हतो, मी फक्त माझे चार शब्द बोलायची वाट बघत होतो.

"ताई," मी म्हणालो.

"हं, झालं सुरू," ती म्हणाली. "हे बघ बाबा, ताई-बिई काही नको. माणूस असेल तर दे."

"ताई, मी आहे. मीच."

"माहीत आहे तू कोण ते. आमच्याच घरात बनलायस. आता या कंपनीनं पण घेतलं का तुला? वा. म्हणजे इकडून आमचं यंत्र, तिकडून पण आमचंच यंत्र, आणि आम्ही मध्ये पोरीला घेऊन बसायचं."

"यंत्र नाही गं! खमक्या आहे. तुझा खमक्या."

"तेच म्हणतेय मी, खमक्याच आहेस."

मी काय बोलू? तिनं ठेवलेलं माझं नाव सांगितलं तर ते तुमच्या यंत्राचं. ताई म्हटलं तर यंत्र सगळ्यांनाच ताई म्हणतं. मी म्हणालो, छोटीचा दम कसा आहे आता? ती म्हणाली, "अं?" मला वाटलं, पटलं. मग म्हणाली, "छोटी म्हणतात तिला, ते मीच ॲपमध्ये लिहिलं होतं. सगळं साठवून ठेवतात मेले."

मी गाडीचं सांगितलं, की तिकीट दाजींनीच काढलं होतं, मी सोडून गेलो नाही. ती म्हणाली, "हे पण शिकवलंय का तुला? कोणी शिकवलं? कंपनीनं?" आणि मग हळू आवाजात म्हणाली, मला वाटतं स्वतःशीच, "तो असा गोड बोलत नाही. तो असता तर फोन उचलल्या उचलल्या माझ्यावर ओरडला असता. पावती कुठं ठेवली, आधी का नाही बोललीस, अक्कल आहे का. असा ओरडला असता की पोरगी जागी झाली असती."

दाजी, मला तेवढंच करायचं होतं. ओरडायचं होतं. जन्मभर दुसऱ्यांसाठी ओरडलो, तुमच्यासाठी वर्षभर ओरडलो. आणि तेव्हा माझा आवाज निघेना. जो निघाला तो बारीक, शहाणा, धुतलेला. तुमच्या यंत्रासारखा.

ती म्हणाली, "माझ्या भावाच्या आवाजात परत माझ्याशी बोललात तर मी ग्राहक न्यायालयात जाईन, सांगून ठेवते." आणि फोन ठेवला.

मावशींनी विचारलं, काय झालं रे? मी म्हटलं, सर्दी झालीय.


२२ एप्रिल

चार शब्द हे घ्या: ‘माझी नोकरी जाईल हो.’

पैसे द्या, पैसे द्या म्हणून यंत्र अंगावर आलं की समोरच्यानं रडवेल्या आवाजात एवढंच म्हणायचं. तुमच्या मागच्या खोलीत असताना फोनवरची पोरं-पोरी कधी कधी मला असं म्हणायची. एक मुलगी तर रडायलाच लागली होती. मी सोडून द्यायचो. तुम्ही दाराशी उभे राहून डोळे वटारायचात आणि मी हातानं ‘जाऊ दे’ म्हणायचो. असे कितीतरी फोन मी मुद्दाम हरलो. ते सगळे तुम्ही यंत्रात घातलेत. त्यात तुम्हाला माल दिसला.

मी ते खोटं बोलून वापरलं. माझी नोकरी कधीच जाणार नव्हती, मला केक मिळत होता.

बदल्यात काही मागत नाही. अट मागे घेतली असं मात्र समजू नका. अट आहे तिथंच आहे, हे शब्द फक्त छोटीच्या पुढच्या तक्रारीसाठी दिलेत. तुम्ही आता ते काढून टाकाल. तुम्हाला एका दुपारचं काम आहे. मग तुमचं यंत्र कोणाची नोकरी जातेय म्हणून थांबणार नाही, कोणी रडलं तरी थांबणार नाही. पूर्ण पैसे घेऊनच फोन ठेवेल. पैसेवाले टाळ्या वाजवतील.

पण मग तो मी राहणार नाही, दाजी. ते तुम्ही असाल, माझ्या आवाजातले. तेवढं झालं की त्याचं नाव बदला. खमक्या म्हणू नका. तुमचं स्वतःचं ठेवा, शोभेल.


३ मे

कंपनीकडून छोटीच्या यंत्राचे पैसे काढायचा प्रयत्न केला. साहेब म्हणाला, कूपन गेलं म्हणजे प्रकरण मिटलं. मी त्याच्याशी भांडलो. खरा भांडलो, टेबलावर हात आपटून, मावशी उठून उभ्या राहिल्या. साहेब चिडला नाही. खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "तुझं हे फार चांगलं आहे. आम्ही पण एक यंत्र करतोय, नाही म्हणणारं. तुझा आवाज देतोस का? कागदावर सही करून, रीतसर पैसे देतो."

खोटं कशाला सांगू, क्षणभर मोह झाला. तुमच्या यंत्रासमोर माझं यंत्र उभं करायचं आणि तुम्हाला पैसेवाल्यांसमोर मातीत लोळवायचं. रात्रंदिवस, न थकता. तुमच्यासाठी याहून चांगली शिक्षा मला सुचली नसती.

मग ताईनं परत फोन केला तर तो कोण उचलेल, ते डोळ्यासमोर आलं. मी नाही म्हणालो.

साहेब हसला. "तुझी मर्जी. तसे तुझे सगळे फोन रेकॉर्ड होतातच."

दुसऱ्या दिवशी मीच गोदामातलं काम मागून घेतलं. खोकी उचलायची, गाडीत चढवायची, तोंड उघडायचं काम नाही. पगार कमी आहे. मावशी जेवणाच्या सुट्टीत खाली येतात आणि म्हणतात, "बोल की रे मेल्या, इथं कोण ऐकतंय?" तेव्हा बोलतो.

तुम्ही ताईला अजून सांगितलेलं नाही, हे मला माहीत आहे. सांगितलं असतं तर तिनं मला शोधून काढून आधी थोबाडीत मारली असती. त्यामुळे आता तुमच्यावर सोपवत नाही. तुमच्या जिन्याखाली शिवणकाम करणारी बाई आहे, तिच्या पत्त्यावर ताईच्या नावानं मनीऑर्डर आणि ही तुम्हाला लिहिलेली सगळी पत्रं पाठवतोय. मी प्रत्येकाची दुसरी प्रत लिहून ठेवली होती, भांडणात कागद हातात ठेवायची मला सवय आहे. माझं अक्षर ती ओळखते. असलं घाणेरडं अक्षर काढणारं यंत्र अजून कोणी बनवलेलं नाही. हे पत्र तुम्हाला मिळेल तोवर तिचं वाचून झालं असेल. आता मागे वळून बघा, ती दारात उभी असेल.

मनीऑर्डरबरोबर तिला चिठ्ठी लिहिलीय. तुम्हालाही कळावं म्हणून इथं उतरवतो:

‘ताई, अक्कल आहे का तुला? पोरीला दम लागतो आणि तू ॲपला सांगत बसलीस? पावती जुन्या पाकिटात कोंबून ठेवली असशील, ती काढ आणि फाडून टाक, त्या कंपनीचं काही परत घेऊ नकोस. आजच्या आज दुकानात जा, स्वतःच्या पायानं जा, वाफेचं नवीन यंत्र चालू करून बघ, मोटरचा आवाज ऐक, मग पैसे दे. दुकानदारानं नाटक केलं तर त्याला माझं नाव सांग, खरं नाव, ते अजून कुठल्या यंत्राला दिलेलं नाही. आणि परत कधी मला यंत्र म्हणालीस तर बघ. सोबत पाठवलेत: सहा हजार चारशे.’